पाव फेरा

पुतणीच्या पत्राला उत्तर द्यायचं राहून गेलं, असं काका म्हणत. खरं तर त्यांना धीर होत नव्हता. काका जिथून निवृत्त झाले, त्याच पंख्यांच्या कारखान्यात ती नवे नमुने बघायची. तिनं लिहिलं होतं, "काका, नव्या टेबलफॅनचे सांधे कायमचे चिकटवून टाका म्हणताहेत, स्वस्त पडतं. तुमची खाच ठेवू की काढू? महिनाअखेरीच्या आत लेखी कळवा. तुमचा शब्द दाखवला तर ऐकतील."

ती खाच काकांच्या उमेदीतलं काम. बैठक, दांडा, मोटर, पाती, जाळी. पाव फेरा दिला की भाग बसावा, उलटा दिला की निघावा. मॉडेल बदललं तरी माप बदलू नये, हा त्यांचा हट्ट. ऑफिसात त्यांचं नावच 'पावफेरे' पडलं होतं.

"माझ्या शब्दाला कोण विचारतंय," म्हणत ते पुस्तकात तोंड खुपसून बसले.

"पोरगी विचारतेय," काकू म्हणाल्या. "आणि निदान पान तरी उलटा. सकाळपासून तेच आहे. नाहीतर असं करा, पंखा बंद पडलाय, तो दुरुस्तीला टाकून या."

दुरुस्तीवाल्या बाईंनी पंखा आडवा घातला. "मोटर गेली." फळीवरून त्यांनी एक पिवळट पडलेली मोटर उचलली.

काका चाचरत म्हणाले, "ही फार जुन्या मॉडेलची दिसते. बसायची नाही बहुतेक."

"आजोबा, ह्यांत कुठलीही कुठंही बसते." त्यांनी हात फिरवला. टक्. "ज्यानं केलंय त्यानं एकदाच डोकं शिणवलं, आमचं वाचवलं."

काकांचं लक्ष टेबलावर फिरणाऱ्या पंख्याकडे गेलं. बैठक निळी, दांडा करडा, जाळी पांढरी, पाती दोन रंगांची.

"हा किती जुना?"

"वय कसं सांगणार? कुठला भाग धरू?"

काका बघतच राहिले. निळी बैठक त्यांनी नोकरीच्या सुरुवातीला कागदावर काढली होती. जाळी निवृत्तीनंतरची, त्यांनी कधी न पाहिलेल्या कुणीतरी केलेली. करणाऱ्या दोघांची ओळख नाही, तरी बैठक आणि जाळी एकाच पंख्यात घट्ट बसल्या होत्या. मागच्या फळीवर असेच कितीतरी भाग आपली पाळी येईल म्हणून थांबलेले. कचऱ्याची टोपली मात्र जवळजवळ रिकामी. आपण कोण, हे सांगायला त्यांची जीभ रेटेना. पंखा काखेत मारून ते निघाले.

घरी चार पानं लिहून त्यांनी फाडली. मग एवढंच लिहिलं: "खाच ठेव. मापही तेच ठेव. - पावफेरे."

कोपऱ्यावरच्या पेटीत पाकीट टाकलं, आणि आत पडल्याचा आवाज आला तेव्हाच हात बाहेर काढला.