घाबरायला शिकवताना

शुभाताईंनी पत्र्याचा डबा उचलला, त्यावर काठी धरली आणि तशाच उभ्या राहिल्या. जाळीपलीकडे कोल्ह्याचं पिल्लू त्यांना बघून शेपटी हलवत होतं.

"वाजवा ना," मागून किरण म्हणाली.

"अगं, मला बघून खूश झालंय ते."

"तोच तर प्रॉब्लेम आहे, शुभाताई."

किरण मुलुंडच्या त्या केंद्रातली प्राण्यांची डॉक्टर. जखमी झालेले, पोरके झालेले रानातले प्राणी तिथे यायचे आणि बरे झाले की पुन्हा रानात जायचे. हे पिल्लू विक्रोळीच्या खाडीकडचं. हायवेवर गाडीखाली गेलेल्या आईला चिकटून बसलेलं ते वनरक्षक दशरथ सावंतांना दिसलं आणि त्यांनी त्याला शर्टात गुंडाळून इथे आणलं.

शुभाताई बालवाडीच्या शिक्षिका. रिटायर झाल्यावर इथे मदतीला येऊ लागल्या. किरणने आधीच बजावलं होतं, की बोलायचं नाही, कुरवाळायचं नाही, नाव ठेवायचं नाही. रडणारी पोरं कडेवर घेऊन गप्पा मारण्यात ज्यांचा जन्म गेला, त्या बाईंना हे फार जड गेलं. तरी त्यांनी ते पाळलं. तोंडाला कापड बांधून खाणं आत सरकवायच्या आणि मुकाट्याने निघून यायच्या.

मग पिल्लू आजारी पडलं. उलट्या, जुलाब, अंग गारठलेलं. सलाईन लावायचं तर कुणीतरी धरून बसायला हवं होतं. शुभाताईंनी त्याला टॉवेलात घेऊन मांडीवर ठेवलं. दुपार गेली, ऊन भिंतीवरून उतरलं. तोंडावरचं कापड कधी निसटलं ते त्यांना कळलंही नाही. पिल्लाचा श्वास इतका बारीक झाला, की दोघी एकमेकींकडे बघायचं टाळू लागल्या. आणि मग त्याने डोळे उघडले. शुभाताईंचा अंगठा चाटला.

किरण भिंतीला टेकून मटकन खाली बसली. शुभाताई नुसत्या "उपकार झाले गं, उपकार झाले" म्हणत राहिल्या. किरणला म्हणत होत्या की देवाला, त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं.

पिल्लू जगलं. पण आता शुभाताईंची पावलं वाजली की ते जाळीशी धावत येऊ लागलं.

"असंच माणसांजवळ गेलं तर कुणीतरी दगड घालेल," किरण म्हणाली. "नाहीतर मग जन्मभर इथेच, पिंजऱ्यात."

"मग दुसऱ्या कुणाला तरी सांग ना डबा वाजवायला."

"दुसऱ्यांना ते घाबरतंच. तुम्हाला घाबरत नाही."

शुभाताईंनी डोळे मिटून डबा वाजवला. पिल्लू दचकलं, थबकलं आणि पुन्हा पुढे आलं. त्याला खेळच वाटला असावा.

"ओरडा," किरण हळूच म्हणाली.

"जा!" शुभाताईंचा आवाज चिरकला. इतक्या वर्षांत एकाही मुलावर त्यांनी तो चढवला नव्हता. "जा म्हणते ना! हाड!" त्यांनी काठी जाळीवर आपटली. पिल्लू गर्रकन फिरलं आणि कोपऱ्यातल्या पिंपामागे घुसलं.

किरणने चहा आणला. तो तसाच गार झाला.

दुसऱ्या दिवशी मात्र शुभाताईंनी आल्या आल्या डबा मागून घेतला. मग रोजच. घरी जेवताना त्या गप्प असत. यजमानांनी, अनंतरावांनी विचारलं, तर "घसा बसलाय" म्हणत. ते खोटंही नव्हतं.

पावसाळा सरल्यावर त्याला सोडायचं ठरलं. तोवर ते पिल्लू राहिलं नव्हतं, चांगला उंच पायांचा कोल्हा झाला होता. ऊन कलल्यावर दशरथनी खाडीकाठी, तिवरांच्या कडेला पेटी ठेवली. किरणने शुभाताईंना मुद्दाम पुढे उभं केलं.

"इथून हलू नका. तुमच्याकडे आला, तर परत न्यावा लागेल."

दशरथनी पेटीचं दार वर ओढलं. आधी नाक बाहेर आलं, मग डोकं. कोल्ह्याने चिखल हुंगला. मग मान वळवून सरळ शुभाताईंकडे पाहिलं.

त्यांचा हात नकळत उठला आणि ओढणीशीच थांबला.

कोल्ह्याचे कान मागे गेले. ओठ वर ओढले गेले, दात दिसले, घशातून खोल गुरगुर आली. त्या हलल्या नाहीत. पुढच्याच क्षणी तो तिवरांत शिरला. फांद्या हलल्या, मग त्याही थांबल्या.

दशरथ अवघडले. "वायट वाटून घेव नकात, बाई. जनावर ता."

"वाईट कसलं हो?" शुभाताई ओढणीने चेहरा पुसत म्हणाल्या. मग किरणकडे वळल्या. "ऐकलंस ना गं? किती छान गुरगुरला!"