कांडी ऐकत नाही

आमची कांडी ठार बहिरी आहे, हे आम्हा एकवीस माणसांना पाच महिने कळलं नाही. हसा, हसून घ्या. कळणार तरी कसं? आम्ही सगळे मागावर काम करणारे. चाळीस माग एकदम सुरू झाले की शेजारच्याचं तोंड हलताना दिसतं, शब्द काही कानापर्यंत पोचत नाही. म्हणून आम्ही हातांनी बोलतो. दोन बोटं ओठांना लावली की चहा. मूठ वर केली की थांब. पंजा पालथा धरून मनगटातून हलवला की इकडे ये. आणि मिशीवरून बोट फिरवलं की मालक येतोय, गप्पा बंद. या भाषेत मी एकतीस वर्षं बोलतेय, भांडतेय. हातांनी शिव्या देण्यात माझा हात धरणारं कारखान्यात कोणी नाही.

कांडी सापडली ती तुटक्या सुताच्या पोत्यात. पोतं उचलायला गेले तर आतलं सूत हललं. हात घातला तर मांजराचं मूठभर पांढरं पिल्लू, पोट पाठीला लागलेलं, एक डोळा चिकटून गेलेला. कोमट पाण्याने डोळा पुसला, चमच्याने दूध पाजलं. मागाच्या धोट्यात सुताची कांडी बसवतात ना, जेमतेम तेवढी होती अंगाने, म्हणून नाव कांडी.

महिन्याभरात तिने आमचे सगळे हातवारे उचलले. ये म्हटलं की यायची, थांब म्हटलं की जागच्या जागी बसायची. मिशीची खूण दिसली की आमच्याआधी ही सुताच्या पेट्यांमागे गडप. आणि मागाची मोटर सुरू झाली तरी फिरत्या पट्ट्याशेजारची तिची झोप मोडायची नाही. आम्ही कौतुकाने एकमेकांना दाखवायचो, बघा, काय धीराचं जनावर आहे. अकलेचे कांदे आम्ही सगळे.

एका सकाळी त्याच पट्ट्यात तिच्या शेपटीचं टोक गेलं. रक्त बघून मालक आला. माणूस वाईट नाही, पण उगाच गोड बोलणाऱ्यातलाही नाही. म्हणाला, पुढच्या महिन्यात दुप्पट वेगाची यंत्रं येतायत, आज शेपटी गेली, उद्या जीव जाईल. या महिन्याच्या शेवटच्या शनिवारपर्यंत हिला कायमचं घर बघा, नाहीतर मी तिला जुन्या गोदामावर सोडून येणार. त्या गोदामावर कुत्र्यांची टोळी आहे हे त्यालाही माहीत होतं आणि मलाही. मी घरी नेली असती, पण आमच्या ह्यांना दमा. मांजराचा एक केस उडाला तरी छाती भरून येते. बाकीचे सगळे माझ्याकडे बघायला लागले. पोत्यातून उचललं कोणी? मी. मग निस्तरायचं कोणी? मीच.

पहिलं घर मिळालं कोपऱ्यावरच्या वह्या-पेनांच्या दुकानदाराचं. नवराबायको हौसेने घेऊन गेले आणि चौथ्या दिवशी टोपली परत. बायको म्हणाली, मांजर फार माजोरी आहे, हाका मारून घसा बसला, पण ऐकत नाही. दुसरं घर एका निवृत्त मास्तरांचं. एकटा माणूस, मोठं घर, झुपकेदार मिशा. मला वाटलं, पोरीचं नशीब उघडलं. आठव्या दिवशी मास्तर स्वतः टोपली घेऊन कारखान्याच्या दारात. दिवसभर कपाटाखाली बसते म्हणाले, बाहेर काढली की माझ्या तोंडाकडे बघते आणि परत कपाटाखाली. वर मिशीवरून बोट फिरवत शांतपणे म्हणाले, मंदबुद्धी आहे, सांगितलेलं ऐकत नाही.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आमची कांडी मंद? त्यांना काय बोलले ते इथे सांगत नाही. टोपली उचलली आणि तडक जनावरांच्या डॉक्टरकडे गेले. म्हटलं, तपासा आणि कागदावर लिहून द्या की ही मांजर हुशार आहे. तो कागद मी मास्तरांच्या दारावर चिकटवणार होते.

डॉक्टर तरुण होता, हसला नाही. त्याने कांडीचे डोळे बघितले, दात बघितले. मग तिच्या पाठीमागे जाऊन टाळी वाजवली. कांडी पंजा चाटत राहिली. त्याने स्टीलचा ट्रे उचलून धाडकन जमिनीवर टाकला. मी दचकले, बाहेर बसलेला कुत्रा भुंकला, कांडी पंजा चाटत राहिली.

"मावशी, हिला ऐकू येत नाही," डॉक्टर म्हणाला. "जन्मापासूनच येत नसणार."

"काहीतरीच काय," मी म्हटलं. "आम्ही बोललेलं हिला सगळं कळतं. थांब म्हटलं की थांबते."

हे सांगताना माझी मूठ वर गेली होती. टेबलावरून उतरायला निघालेली कांडी तिथल्या तिथे बसली. डॉक्टर माझ्या मुठीकडे बघत राहिला आणि मीही माझ्याच मुठीकडे बघत राहिले.

मग एकेक गोष्ट डोक्यात उजेड पाडायला लागली. पट्ट्याशेजारची झोप. दुकानदारणीच्या वाया गेलेल्या हाका. आणि मास्तर! तो बिचारा दिवसातून शंभर वेळा मिशीवरून बोट फिरवणार, आणि कांडी शंभर वेळा समजणार, मालक आला, पळा. मला हसू आवरेना आणि डोळ्यांतलं पाणीही आवरेना. ऐकत नाही आणि ऐकू येत नाही, यात किती फरक असतो! आणि कान नसताना ही एवढीशी पोर आमची अख्खी भाषा शिकली होती. अभिमानाने मला रस्ता दिसेना झाला.

पण अभिमानाने घर मिळत नाही. शनिवार दोन दिवसांवर आला. ज्याला त्याला विचारलं. बहिरी म्हटलं की लोक चुकचुकायचे आणि विषय बदलायचे. राहिलं एकच दार, माझ्या लेकीच्या सासरचं. तिथे जायला मला जड जात होतं, आणि का ते सांगते.

लेक माझी कारखान्यातच वाढली. शाळा सुटली की सुताच्या पेट्यांवर बसून अभ्यास करायची. पुढे शिकली, मोठ्या ऑफिसात लागली, चांगल्या घरात पडली. तिच्या सासूबाई गाणं शिकवतात. आवाज इतका मऊ की रागावल्या तरी वाटावं कौतुकच करतायत. आणि मी? मागावरची बाई. बोलते ती ओरडून, आणि तोंडाच्या आधी हात चालतात. लग्न ठरवायच्या बैठकीत मी असंच काहीतरी रंगात येऊन सांगत होते, तर लेक कानाशी म्हणाली, "आई, हात खाली घे ना." चूक नव्हती तिची, वय होतं. पण त्या दिवसापासून त्या घरात गेले की मी हात मांडीखाली दाबून बसते. खोटं कशाला सांगू, फार लागलं होतं मला ते.

शनिवारी सकाळी टोपली घेऊन पोचले. शिकवणी चालू होती. सतरंजीवर दोन मुली एकच ओळ घोळवत होत्या आणि दर वेळी वरच्या सुराला घसरत होत्या. मी टोपली खाली ठेवली, झाकण उघडलं आणि नेहमीसारखी हात मांडीखाली दाबून बसले. कांडी बाहेर आली, खोली बघितली, आणि बरोब्बर त्या दोन मुलींच्या मधे जाऊन पाय पोटाशी घेऊन बसली. मुली वरच्या सुरात किंचाळत होत्या, ही डोळे मिटून निवांत.

विहीणबाई थक्क झाल्या. म्हणाल्या, आमच्याकडे आजवर दोन मांजरी झाल्या, दोन्ही पहिल्या आठवड्यात पळाल्या. कोणाला सोसतं हे शिकणाऱ्यांचं गाणं? आणि ही बघा. "हिला गाण्याचं अंग आहे, विहीणबाई. हिला आम्ही ठेवून घेणार."

आता बघा, मी गप्प बसले असते तर काम झालं होतं. घर चांगलं, बाई प्रेमळ, लेक तिथे. एक शब्दही खोटं बोलायला लागत नव्हतं. पण दोनदा टोपली परत आली ती न कळल्यामुळे आली, तिसऱ्यांदा मला ती तशी यायला नको होती. आणि आमच्या कांडीला मी खोट्या कौतुकावर कशाला नांदवू? तिच्याकडे खरं होतं की.

"तिला ऐकू येत नाही," मी म्हटलं. "मुळीच नाही. गाणंबिणं काही नाही."

विहीणबाईंचा चेहरा उतरला. कांडीकडे बघत त्या हळू आवाजात म्हणाल्या, मग या घरात तिच्याशी बोलणार कोण? मला तर आवाजाशिवाय दुसरं काही येत नाही. नाही म्हणाल्या नाहीत, पण माझी नजर टोपलीच्या झाकणाकडे गेली होती.

लेक आतून चहा घेऊन आली होती, दारातच उभी होती. तिने ट्रे खाली ठेवला. पुढे आली, कांडीसमोर उभी राहिली आणि पंजा पालथा धरून मनगटातून हलवला. कांडी उठली आणि चालायला लागली. अर्ध्यावर आली तशी लेकीने मूठ वर केली. कांडी बसली. पुन्हा पंजा हलला. कांडी आली आणि लेकीच्या पायाला डोकं घासायला लागली. मी मनात म्हटलं, विसरली नाही. एकही हात विसरली नाही.

सासूला ती अहो आई म्हणते, मला नुसतं आई.

"अहो आई, असं बोलायचं तिच्याशी," लेक म्हणाली. "ही आमच्या आईची भाषा आहे. अक्षरं गिरवायच्या आधी मी ही शिकले."

त्या दोन परक्या मुलींसमोर म्हणाली, मोठ्याने, कारखान्यातल्यासारखी. माझे हात कधी मांडीखालून निघाले ते माझं मलाच कळलं नाही.

विहीणबाईंनी चष्मा पुसला. मग पंजा पुढे केला, सूर दाखवताना करतात तसा, डौलात. कांडी ढिम्म. पुन्हा केला. कांडीने जांभई दिली. मागावर नवीन आलेल्या कितीतरी पोरींना मी हे शिकवलंय, सवयीने तोंडातून निघून गेलं, "मनगट कसलं ताठ धरलंय? काठी आहे का ती?" लेकीने डोळे गच्च मिटले.

विहीणबाई रागावल्या नाहीत. उठून माझ्या समोर आल्या, त्यांच्या विद्यार्थिनी बसतात तशा सतरंजीवर पाठ ताठ करून बसल्या आणि म्हणाल्या, "बाई, पुन्हा एकदा दाखवता का?"

कारखान्यात मला सगळे बाईच म्हणतात. ए बाई, सूत तुटलं. ए बाई, तो कचरा उचल. पण त्या घरात बाई कोणाला म्हणतात हे त्या दोन मुलींना चांगलं ठाऊक होतं. त्यांनी एकमेकींकडे बघितलं आणि गुपचूप सरकून मला जागा करून दिली. बोलायची गरजच नव्हती. मी हात वर धरला, सगळ्यांना दिसेल असा, आणि मनगट सैल सोडलं.

विहीणबाई पाच-सहा वेळा चुकल्या. सातव्या वेळी हात बरोबर पडला. कांडी लेकीच्या पायापाशी होती, ती उठली, माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, सरळ विहीणबाईंच्या मांडीवर जाऊन बसली. क्षणभर मला जरा लागलं. पण विद्यार्थिनीला जमलं की बाईंनी शाबासकी द्यायची असते. विहीणबाईंच्या पाठीवर मी अशी थाप मारली की त्यांचा चष्मा नाकावर आला.