पलंगाशेजारची मॅट

सिस्टरनं वाकून पलंगाचं चाक पुन्हा एकदा हलवून पाहिलं. घट्ट होतं. आजींच्या पायात न घसरणाऱ्या चपला होत्या, डोळ्यांवर चष्मा होता. पाय घसरू नये म्हणून पलंगाशेजारी जाड काळी मॅट होती. सोमवारी चार दुकानं पालथी घालून तिनंच आणलेली. तरीही सोमवारपासून आजी तीनदा पडल्या होत्या. काल तर भुवईला टाके घालावे लागले.

डॉक्टरांनी सांगून टाकलं होतं, आता कमरेला पट्टा. खुर्चीला बांधलेली माणसं दोन महिन्यांत चालणं विसरतात, हे सिस्टरनं पाहिलं होतं.

संमतीचा कागद घेऊन मुलगा दारात उभा होता.

"काहीच उपाय नाही का, सिस्टर?"

"सगळं करून झालं. कोणी खोलीत आलं रे आलं, की उठायला बघतात. कशासाठी, देव जाणे."

"फोन वाजला की धस्स होतं हो. करतो सही. आधी आईला भेटतो."

आई त्याला चार महिन्यांपासून ओळखत नव्हती, साहेब म्हणायची. पलंगाच्या कडेला बसून ती त्याच्या पावलांकडे टक लावून पाहत होती. त्यानं मॅटच्या दिशेनं पाऊल टाकलं, आणि दोन्ही हात पसरून आजींनी स्वतःला पुढे झोकून दिलं.

सिस्टरनं झेप घेऊन कंबर धरली म्हणून निभावलं. आजींच्या मुठीत मुलाची बाही आली होती.

"आजी! कुठे निघालात?"

"मी कुठे निघाले? हा बघ की, सरळ खड्ड्यात पाय घालतोय!"

सिस्टरनं खाली पाहिलं. पांढऱ्या फरशीवर काळा चौकोन. आजी पहिल्यांदा पडल्या तेव्हा चहावाल्या मावशी आत आल्या होत्या, मग झाडूवाली, आणि काल ती स्वतः. म्हणजे आजी तिन्ही वेळा त्यांनाच धरायला धावल्या होत्या. तिचे कान तापले. तिनं मॅट गुंडाळून बाहेर नेली.

परत आली तेव्हा मुलगा कागदाची घडी खिशात घालत होता. आजींनी त्याची बाही अजून सोडली नव्हती.

"लागलं नाही ना?" आजींनी त्याला विचारलं.

"नाही."

"जपून चाला, साहेब." सिस्टरकडे चोरून पाहत आजींनी आवाज खाली आणला. "इथं कुणाचं लक्ष नसतं."