टाकीच्या खांबाची गाठ

“मुकादम, पाया पडतो, मला त्याच्या दोरीवर ठेवू नका.”

आठ मजली इमारतीच्या गच्चीवर मुकादम रंगाचे डबे उघडत होता. त्यानं मानही वर केली नाही.

“तुमचं लग्न लावत नाहीये मी. तो खाली रंग मारणार, तू वर दोरी धरणार. त्यात एवढं काय?”

“दुसऱ्या कुणालाही धरतो.”

“नेहमीचा माणूस पाठ धरून घरी पडलाय. आणि तुझ्यासारखी पकड आहे कुणाची? उगाच मुंगळा म्हणतात का तुला?”

एकदा धरलं की सोडत नाही, म्हणून हे नाव पडलं होतं. त्यानं धरलेल्या दोरीवर माणसं बिनघोर खाली उतरत, गाणी म्हणत भिंती रंगवत. पण आज ज्याची दोरी धरायची होती तो त्याचा दाजी होता, थोरल्या बहिणीचा नवरा.

बहीण गेल्या वर्षी तापानं गेली. “सकाळपर्यंत उतरेल,” म्हणत दाजीनं तिला घरीच ठेवलं. दवाखान्यात नेलं तेव्हा डॉक्टरांनी नुसती मान हलवली. त्या दिवसापासून मुंगळा दाजीशी एक शब्द बोलला नव्हता. भाची घरी आली की तिला जवळ घेई, जेवू घाली, पण तुझे बाबा कसे आहेत, हे चुकूनही विचारत नसे. द्वेष काही ढोल बडवत येत नाही हो. पाहुण्यासारखा येतो, कोपऱ्यात अंग चोरून बसतो, दोन घास मागतो. आणि एक दिवस बघावं तर घराच्या किल्ल्या त्याच्या कमरेला!

दाजीनं कमरेला पट्टा आवळला. बसायची फळी दोन जाड दोरांनी कठड्यावरून खाली लोंबत होती. पट्ट्याला बांधलेली तिसरी दोरी मात्र वरच्या माणसाच्या हातात असे. फळीनं दगा दिला तर तीच एक आधार. खालून एक हिसका आला की सैल सोडायची, दोन आले की घट्ट धरायची. मजल्या-मजल्यावर बांधत-सोडत बसलं तर काम रेंगाळतं, म्हणून ती कुणी कधी बांधत नसे.

दोरीचं टोक पुढं करताना दाजी पुटपुटला, “पोरीचा उद्या पेपर आहे. मामाकडेच अभ्यासाला बसते म्हणत होती.”

मुंगळ्यानं टोक घेतलं.

आणि तेवढ्यात, कुणी कानात सांगावं तसं, एक वाक्य त्याच्या मनात आलं. ‘हात घामेजले होते, साहेब, निसटली.’ आख्खं, तयार, रडवेल्या सुरासकट. कुणाला संशयही आला नसता. त्यानं आपल्या हातांकडे पाहिलं. वर्षानुवर्षांचे ओळखीचे हात, पण आता दुसऱ्याच कुणाचे असावेत तसे वाटले.

“देवा, सांभाळ रे,” तो म्हणाला. कुणाला सांभाळायचं ते बोलला नाही. पाण्याच्या टाकीच्या खांबाला त्यानं दोरीचे दोन वेढे दिले, गाठ मारली आणि मगच दोरी हातात घेतली.

एक हिसका आला. त्यानं गाठ सोडली, दोरी थोडी सैल केली, पुन्हा गाठ मारली. परत हिसका. परत तेच. मुकादम कावला.

“अरे, दोरी धरतोयस का पोतं शिवतोयस? अशानं पुढच्या वर्षी संपेल भिंत!”

“संपू दे.”

“काय म्हणालास?”

“मला असंच जमेल आज. नाहीतर माणूस बदला.”

मुकादमानं कपाळावर हात मारला आणि तो पलीकडच्या बाजूला गेला.

ऊन डोक्यावर आलं होतं. फळीचा एक दोर कठड्याच्या कडेवर घासत होता. कुणाच्या लक्षात आलं नाही. तो फटकन तुटला. खालून किंकाळी आली, रंगाचा डबा आदळल्याचा आवाज आला, आणि खांबापासून कठड्यापर्यंत दोरी तारेसारखी ताणली गेली.

खांब हलला नाही. गाठ सुटली नाही.

मुंगळा जागच्या जागी उभा होता. दोन्ही हात छातीशी, मोकळे.

मग तो ओरडला. मुकादम धावला, आणखी दोघे धावले. सगळ्यांनी मिळून दाजीला वर ओढलं. तो गच्चीवर पालथा पडून धापा टाकत राहिला. मुकादम पाणी आणायला पळाला, तसा दाजी उठून बसला आणि त्यानं मुंगळ्याचे हात ओढून घेतले.

“बघू. सोलले असतील.”

असा झटका धरला की तळव्यांची कातडी निघते, हे या धंद्यात सगळ्यांना ठाऊक. दाजीनं तळवे उघडले. ओढताना उठलेली लाली तेवढी होती. झटक्याचा एकही व्रण नव्हता.

दोघंही त्या तळव्यांकडे बघत राहिले.

“गाठ कधी मारलीस?”

“तुम्हाला खाली सोडायच्या आधी.”

“का?”

“भीती वाटली.”

“कुणाची?”

मुंगळ्यानं हात सोडवून घेतले. “मी सोडली का निसटली, मला खरंच ठाऊक नाही, दाजी.”

दाजीच्या गालावरचा रंग वाळत चालला होता.

“मलाही ठाऊक नाही,” तो म्हणाला, “त्या रात्री ती कण्हत असताना मला झोप लागली कशी.”

मुकादम पाणी घेऊन आला. कुणीच प्यायलं नाही.

दुसऱ्या दिवशी मुंगळा गच्चीवर आला तो थेट मुकादमाकडे. “आज दुसरा बघा.”

“हाच राहू दे,” मागून दाजी म्हणाला.

त्यानं फळीचे नवे दोर ओढून पाहिले, कठड्याच्या कडेवर गोणपाट अंथरलं. मग दोरीचं टोक घेऊन तो टाकीच्या खांबाशी गेला, दोन वेढे दिले आणि स्वतःच्या हातानं गाठ मारली. उरलेली दोरी आणून त्यानं मुंगळ्याच्या तळव्यावर ठेवली आणि कठडा ओलांडून दिसेनासा झाला.

थोड्या वेळानं खालून दोन हिसके आले.

मुंगळ्यानं दोरी मनगटाभोवती घेतली, पाय रोवले आणि धरली.