देवरावांच्या स्लॅबवरचा घास

वलगावात देवरावांच्या तेरवीला जमलेली सगळी माणसं अंगणात माना वर करून उभी होती. पत्रावळी मांडून झाल्या होत्या, वरण निवलं होतं, वडे गार पडले होते. पण स्लॅबवर ठेवलेल्या पानाला कावळा शिवत नव्हता. आणि तो शिवल्याशिवाय पंगत बसवायची कशी?

नवल असं, की गावात कावळ्यांचा दुष्काळ नव्हता. शेजारच्या अब्दुल सत्तारांच्या गच्चीवर ते रांग धरून बसले होते आणि वाळत घातलेल्या शेवया पळवत होते. मध्येच एखादा देवरावांच्या स्लॅबकडे निघायचा, अर्ध्या वाटेत गिरकी घ्यायचा आणि परत शेवयांवर.

मग नातेवाइकांनी हात जोडून वचनं द्यायला सुरुवात केली. देवरावांचे थोरले भाऊ रामराव म्हणाले, पोरीचं लग्न मी करून देतो. पोरगी, म्हणजे प्राजक्ता, त्यांच्या मागेच उभी होती आणि तिचा नवरा वाढपी म्हणून वरणाचं भांडं धरून ताटकळला होता. देवरावांचे मेहुणे केशवराव यांनी तंबाखू सोडली. एक कावळा जरा जवळ आलासा वाटला, तेव्हा त्यांनी घाईघाईनं 'दिवाळीनंतर' असंही जोडून दिलं.

शेवटी सगळ्यांच्या नजरा काकनाथ महाराजांकडे वळल्या. महाराजांना कावळ्यांची भाषा येत असे. एक काव म्हणजे होय, दोन काव म्हणजे नाही, आणि कावळा गप्प राहिला तर महाराज सांगतील ते. सकाळीच ते मंत्रानं स्लॅब 'बांधायला' एकटे वर जाऊन आले होते. आता पुन्हा चढून ते पानाशेजारी बसले, डोळे मिटून मोरपिसांचा कुंचा हलवला आणि म्हणाले, "देवरावचा जीव या सोलरच्या प्लेटांत अडकून राह्यला. वरून त्याले खाली येताच येत नाई. प्लेटा मठावर नेऊन लावा, मी तिथं मोकळा करतो."

मठात दिवसभर लाइट नसते, हे कोणाला आठवलं नाही. लोकांनी हळहळून माना डोलावल्या.

प्राजक्ताची आई, पार्वताबाई, उंबऱ्यावर बसून होती. तिनं आदल्या दिवसापासून काही खाल्लं नव्हतं. गेले त्या दुपारी देवराव स्लॅबवर प्लेटांना जाळी बांधत होते. प्लेटांखाली कबुतरं घरटी करत, काड्या कोंबत, वरून प्लेटा विष्ठेनं माखून ठेवत. वीज कमी पडली की घरचं मिरची कांडायचं मशीन कण्हायला लागे. पार्वताबाईनं जेवायला हाका मारल्या, ते आलेच नाहीत, तेव्हा ती चिडून म्हणाली होती, वरच राहा मंग. उशिरा उतरून जेवले, झोपले ते उठलेच नाहीत. भेटायला आलेल्या बायांना तिनं हे सांगितलं होतं, आणि बायांना सांगितलं म्हणजे महाराजांना कळलंच.

"देऊन टाक प्लेटा," ती प्राजक्ताला म्हणाली. "मीच त्यायले वर राहा म्हनलं."

प्राजक्ता अकोल्याच्या कॉलेजात ग्रंथपाल होती. दुःखावरची पुस्तकं तिनं वाचली होती. पण आधी त्या प्लेटाच पाहाव्यात, असं तिनं ठरवलं. ती जिना चढून गेली.

वर वडिलांची, अप्पांची, जाळी अर्धी बांधलेली होती, पक्कड तिथंच पडली होती. कोपऱ्यातल्या काठीवर प्लॅस्टिकचा ससाणा होता. कबुतरांना भिववायला अप्पांनी तो अमरावतीहून आणला होता आणि प्लेटांकडे तोंड करून तारेनं बांधला होता. आता त्याचं तोंड घासाच्या पानाकडे होतं. त्याच्या शेजारी महाराज कुंचा हलवत बसलेले. अप्पा गेल्यापासून प्राजक्ताला पहिल्यांदा हसू आलं.

तिनं तार सोडली आणि ससाणा कठड्यावरून सत्तारचाचांच्या मुलीकडे, फरजानाकडे दिला. शेवयांजवळ ठेव म्हणाली. मग महाराजांना सावलीत बसायची विनंती केली. महाराज म्हणाले, मी उठलो तर घास उघडा पडेल.

"उतरा महाराज," खालून रामराव म्हणाले. "आमच्या पोटातले कावळे कवापासून ओरडून राह्यले."

महाराज उतरले. सत्तारांच्या गच्चीवरून कावळे भर्रकन उडाले, थोडा वेळ घिरट्या घालत राहिले, आणि एक उतरून थेट वडा घेऊन गेला. अंगणानं हात जोडले. पाहा, सोडवला की नाही मी त्याले, असं महाराज म्हणतात तोच पलीकडून फरजानानं विचारलं, "महाराज, आता आमच्याकडं एकबी कावळा नाई. इथं कोनाचा जीव अडकला? अब्बा तर जिते हायेत."

खुर्चीतल्या अब्दुल सत्तारांनी खात्रीसाठी स्वतःची नाडी पाहिली.

प्राजक्तानं ससाणा परत मागून कठड्यावर ठेवला, कावळे पसार. उचलून पोत्याखाली झाकला, कावळे हजर. केशवरावांनी स्वतः एकदा करून पाहिलं आणि त्यांना ते इतकं आवडलं की थांबवावं लागलं. प्लेटा उतरवल्या असत्या तर ससाणाही उतरला असता, कावळा आला असता आणि महाराजांचा महिमा वाढला असता.

"याचं तोंड पानाकडे कोणी फिरवलं?" प्राजक्तानं विचारलं.

"वाऱ्यानं," महाराज म्हणाले.

मे महिन्यातल्या त्या दुपारी कडुनिंबाचं पान हलत नव्हतं. महाराज पंगतीला थांबले नाहीत.

प्राजक्ता आईजवळ बसली. "आई, अप्पा वर राहिले नाहीत. तू बोलावलंस, ते उतरले. तुझ्या हातचं जेवून झोपले."

पार्वताबाईनं एकदा स्लॅबकडे पाहिलं. मग म्हणाली, "दोन भाकरी खाल्ल्या व्हत्या. ठेच्यासंगं." आणि तिनं पत्रावळ पुढं ओढली.

पुढच्या आठवड्यात प्राजक्तानं जाळी पूर्ण बांधली. तेव्हापासून प्लेटांखाली घरटं झालं नाही आणि मशीन कण्हत नाही. ससाणा मात्र महिनाभरच पुरला. रोज थोडं जवळ येऊन कबुतरांनी पाहिलं, की हा उडत नाही, चोच मारत नाही, काहीच करत नाही. आता एक कबुतर त्याच्या डोक्यावरच बसतं. भीती वाटली तरी जवळ जाऊन पाहायचं, एवढंच त्यांनी केलं. आपल्यालाही ते करता येईल.