कावीळ उतरवणारे हात

"उतर गं पिवळे, उतर! हाडात असशील तर मासात ये, मासात असशील तर कातड्यात ये, कातड्यात असशील तर पाण्यात ये!"

सिद्धलिंग अप्पांचा आवाज चढला तशी वसतिगृहाच्या अंगणातली गर्दी पुढं सरकली. जून महिना, लातुरात शिकवण्यांचा हंगाम. लोहा, मुदखेड, बिलोलीहून आईबाप पोरांच्या पेट्या घेऊन आलेले. परातीपुढं लोह्याच्या चंद्रप्पाची पोरगी, सिंधू, पिवळ्या डोळ्यांनी बसली होती. अप्पांनी तिच्या तळहातांना तीर्थ चोळलं, तांब्यातलं नितळ पाणी वर ओतलं, आणि परातीत पडता पडता ते जर्द पिवळं झालं.

"बघा! सारी कावीळ परातीत!"

टाळ्या पडल्या. "भूकंपात नऊ दिवस ढिगाऱ्याखाली होतो म्या," अप्पा म्हणाले, "तवा देवीनं हे हात धरले." भूकंपाला सात वर्षं होत आली होती. पहिल्या वर्षी हीच गोष्ट सांगताना अप्पा ढिगाऱ्याखाली एकच दिवस होते.

वसतिगृहाचे मालक शेषेराव शेजारी हात जोडून उभे होते. "आपल्याकडं पोरांना ही सेवा फुकट हाय," ते आईबापांना सांगत होते.

रांगेत पुढचा नंबर बानोचा होता. तिला इथं कुणी ओळखलं नाही. ओळखायला हवं होतं. फेब्रुवारीत तिचा अनस याच वसतिगृहात पिवळा पडला. शेषेरावांनी नांदेडला बानोकडं निरोप धाडला नाही की पोराला दवाखान्यात नेलं नाही; बारा दिवस अप्पांपुढं बसवलं. परात रोज पिवळी होत गेली आणि अनस रोज जास्त पिवळा. बानो पोचली तेव्हा तो आईलाही ओळखत नव्हता; दवाखान्यात दुसऱ्या दिवशी गेला.

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टर शिल्पाबाईंनी तिला समजावलं होतं. "बानोबी, ही कावीळ घाण पाण्यातून येते. माणसाच्या विष्ठेतला विषाणू पाण्यात जातो, पाण्यातून पोटात. त्याच वाटेनं टायफॉइड, हगवण, कॉलरा. त्या वसतिगृहातली अकरा पोरं आलीत माझ्याकडं. बहुतेकांचं लिव्हर आराम मिळाला की आपसूक सुधारतं. एखाद्याचं नाही सुधारत. तेव्हा दिवस वाया घालवून चालत नाही."

"म्हंजे जे आपसूक बरे होतात ते अप्पाचे," बानो म्हणाली, "आणि जे मरतात ते नशिबाचे?"

डॉक्टरांनी शेषेरावांना धाडलेल्या दोन चिठ्ठ्यांच्या नकला तिच्यापुढं ठेवल्या.

मार्चमध्ये ती अनसची पेटी न्यायला आली, तेव्हा अप्पांची परात चालूच होती. पिवळा रंग पाहून ती जागीच थबकली. बानोचं घर नांदेडातलं, कापड रंगवणाऱ्या जुन्या रंगाऱ्याचं. अगदी तोच पिवळा तिच्या घरच्या रंगाच्या हौदात निघायचा. त्या दिवशी तिनं ठरवलं: रडायचं नंतर. आधी या दोघांना भरल्या अंगणात उघडं पाडायचं, शिकवणीच्या हंगामात, आईबापांदेखत.

आता ती परातीपुढं बसली. तीर्थ चोळून झालं, पाणी पडलं. पिवळं!

"लई जुनी कावीळ हाय बाई," अप्पा म्हणाले. "सात वाऱ्या कराव्या लागतील."

"मला कावीळच न्हाई." बानोनं दवाखान्याचा कागद चंद्रप्पाच्या हातात दिला. "वाचा जोरात, भाऊ. कालची तपासणी हाय."

चंद्रप्पानं अडखळत वाचलं. रक्तात कावीळ नव्हती.

"छुपी असते!" अप्पा गरजले. "कागदाला काय कळतं?"

"बरं. मग तुमचे हात धुवा."

अप्पा मागं सरले. बानोनं मनगट पकडलं. रंगाच्या कढया उचलून घट्टे पडलेला हात तो, सुटला नाही. तिनं तांब्या उपडा केला. सकाळपासून तीर्थ चोळणाऱ्या त्या हातांवरून असा गडद पिवळा ओघळला की माणसं एक एक पाऊल मागं गेली.

"अप्पालाच कावीळ!" कुणीतरी ओरडलं, आणि कुणीतरी हसलं.

बानोनं खांद्यावरची पांढरी ओढणी परातीत बुचकळून वर धरली. ती पिवळी झाली होती. "कावीळ कापडाला चढत न्हाई, भावांनो. हा रंग हाय. तीर्थ म्हंजे आंब्याच्या सालीचा रस. तांब्यात पाणी न्हाई, चुन्याची निवळी हाय. दोन्ही भेटले की पिवळं. देवाच्या, माणसाच्या, कुणाच्याबी हातावर!"

"पण पोरं आजारी तर पडलीच ना?" चंद्रप्पानं विचारलं.

याच प्रश्नासाठी ती थांबली होती. "शेषेराव, पोरं कुठलं पाणी पितात?"

"नळाचं. एकदम स्वच्छ," मालक म्हणाले.

"आता पाणी आलं असंल. सोडा नळ."

शेषेराव हलले नाहीत. चंद्रप्पानंच जाऊन तोटी फिरवली. नळ फुसफुसला, आणि हिरवंगार पाणी बादलीत पडलं.

"काल दुपारी तुमच्या संडासाच्या टाकीमागं तुंबलेल्या गटारात म्या दोन डबे मिठाईचा हिरवा रंग ओतला," बानो म्हणाली. "नळाची लाइन त्या गटारातूनच गेलीय. पाणी बंद असलं की फुटक्या जोडातून गटार आत शिरतं. आमच्या हौदाचं सांडपाणी झिरपून शेजारची विहीर निळी झाली होती एकदा. तो गुन्हा आमचा होता. आम्ही हौद हलवला. तुम्हाला तर डॉक्टरनं दोन चिठ्ठ्या धाडल्या होत्या. तुम्ही जोड बदलला न्हाई, अप्पा बसवला. लोक परात बघत राहिले की नळ कोण बघतंय?"

तिनं पेला भरून शेषेरावांच्या तोंडापुढं धरला. "रंग खायचाच हाय, भ्यायचं न्हाई. बाकी जे हाय ते माझ्या पोरानं आठ महिने पिलं. तुम्ही एक घोट घ्या."

शेषेरावांनी पेला ढकलला. हिरवं पाणी त्यांच्या पांढऱ्या सदऱ्यावर सांडलं. "बाई, चुकलं. माफ करा..."

"न्हाई," बानो म्हणाली. "माफ करायला म्या आलेच न्हाई."

पोलिस येईपर्यंत अप्पांना कुणी फाटकाबाहेर जाऊ दिलं नाही. पेट्या बाहेर पडू लागल्या. चंद्रप्पा सिंधूला पाठीवर घेऊन दवाखान्याकडं निघाला, तेव्हा बानो आईबापांकडं वळली.

"पोरगं ठेवताना निकाल विचारता. नळ कुठून येतो तेबी विचारा. गटाराला खेटून पाइप दिसला की पाणी उकळून प्या आणि नगरपालिकेत जाऊन बसा. डोळे पिवळे दिसले की त्याच दिवशी रक्त तपासा. आणि कुणी चमत्कार दाखवला तर त्याला म्हणा, आधी तुझे हात धू."