बारावं चित्र

"पेंटर, बाई काय हलत नाय," कारभारी आप्पांनी पाचव्यांदा सांगितलं आणि झुंबरच्या कपाळाची शीर उठली.

बाई म्हणजे पडद्यावरची. आप्पांच्या पिंपळगावच्या द्राक्षांच्या पॅकहाउसची वेबसाइट नाशिकच्या ज्या ऑफिसनं केली, तिथं झुंबर चित्रं काढायचा. पहिल्या पानावर द्राक्षं तोडणारी बाई त्याचीच. एकामागून एक फिरणारी बारा चित्रं. बाई घड धरते, कात्री चालवते, घड क्रेटमध्ये ठेवते आणि शेवटी मान वर करून हसते. नाशिकला ती दिवसभर तक्रार न करता राबायची. इथं मात्र पहिल्याच चित्रात, कात्री उघडी धरून, ढिम्म!

वीस वर्षं झुंबरनं दुकानांच्या पाट्या रंगवल्या. मग फ्लेक्स आले आणि ब्रश वाळले. चाळिशी उलटल्यावर पोरासोरांच्या रांगेत बसून तो कॉम्प्युटर शिकला. ऑफिसचा मालक दिनेश त्याच्याहून पंधरा वर्षांनी लहान, पण सकाळी बजावलंच त्यानं, "आज बाई हलली नाही तर साधा फोटो लावून टाका. आणि सोमवारपासून तुम्ही लग्नपत्रिकाच बघा."

लग्नपत्रिका! गणपती, कलश, परत गणपती.

आप्पांच्या कॉम्प्युटरला लताबाई क्लार्कशिवाय कोणी हात लावायचा नाही, असा नियम. त्यामुळे झुंबर शेजारी उभा राहून नुसता सांगत होता.

"सेटिंगमध्ये अ‍ॅनिमेशनपुढं खूण आहे का?"

"हाय ना."

"मग परत उघडा पान."

मोडेम किंचाळला. दोन मिनिटांनी पान आलं आणि बाई थांबलेलीच. लाइन सुटल्यावर झुंबरनं दिनेशला फोन लावला. "इथं तर मस्त चालतंय," दिनेश म्हणाला. तिथं चालून काय चुलीत घालायचंय! झुंबरनं रिसीव्हर आपटला.

सकाळी नऊपासून चाललेला हा वैताग दुपारच्या एकपर्यंत गेला. शेवटी हात टेकून तो रिकाम्या क्रेटवर बसला आणि पहिल्यांदाच पडद्याऐवजी लताबाईंकडं बघू लागला. पान आलं. लताबाईंनी कोपऱ्यातलं एक बटण खटकन दाबलं आणि लगेच लाइन तोडली.

"हे काय केलंत?"

"कुठं काय? पान आलं की थांबवायचं अन् फोन सोडायचा. फोनला अन् कॉम्प्युटरला एकच लाइन हाय. एंगेज लागली की व्यापारी दुसरीकडं माल धरतो. मी रोजच करते."

"अहो, बाकीची चित्रं उतरायच्या आतच त्या बटणानं माझी बाई थांबते!" झुंबर ओरडलाच. "चार तास मी डोकं फोडतोय इथं, आणि तुम्ही..."

लताबाईंचा चेहरा उतरला. त्यांनी काय वाईट केलं होतं? झुंबरला स्वतःचीच लाज वाटली.

आप्पा मात्र खुर्चीतून उठले. "म्हंजे तुमची बाई हलावी म्हणून ऐन सीझनला मी फोन अडवून बसू? अन् मलाच दिसत नाय ते लोकांला काय दाखवू? काढा ते. साधा फोटो लावा."

झुंबर जायला उठला.

"आप्पा, एकदा बघू द्या की," लताबाई हळूच म्हणाल्या. त्यांनी पान उघडलं आणि दोन्ही हात मांडीवर ठेवले.

बाई हलली. कात्री मिटली, घड हातात आला.

"अगं बाई! बोटाला चिंधी बांधलीय. तिथंच लागते कात्री," लताबाई म्हणाल्या.

"आई आहे माझी," झुंबर म्हणाला. "भागीबाई. जन्मभर लोकांच्या बागांतली द्राक्षं तोडली तिनं. सहा वर्षं झाली जाऊन."

घड क्रेटमध्ये गेला. आईनं मान वर केली आणि ती हसली. लताबाईही हसल्या. आप्पांनीसुद्धा घटकाभर पाहिलं, मग त्यांची नजर फोनकडं गेली. "झालं ना? सोडा लाइन."

बाई पुन्हा कामाला लागली होती.

"थांबा. परत हसली की दाबा," झुंबर म्हणाला.

लताबाईंनी बरोबर तेव्हाच दाबलं. लाइन सुटताच फोन खणखणला आणि आप्पा भाव बोलू लागले.

संध्याकाळी नाशिकला येऊन झुंबरनं अकरा चित्रं काढून टाकली. बारावं तेवढं साधा फोटो म्हणून ठेवलं. "हे बरंय," दिनेश म्हणाला आणि सोमवारच्या पत्रिकांचा गठ्ठा त्याच्या टेबलावर ठेवून गेला.

झुंबर पडद्याकडं बघत बसला. जन्मात पहिल्यांदा आई एकही घड न तोडता नुसती हसत उभी होती.